बेटावरचं घर कोणत्या अंगाला घ्यावं

काल मोहर्लीचं गेट बंद झालं. पावसाळ्याचे तीन महिने आता जंगलाच्या गाभ्यात कोणी जाणार नाही. आमच्या दोन्ही जिप्स्या धुऊन शेडखाली उभ्या आहेत. होमस्टेच्या चार खोल्यांमधल्या गाद्या मी भिंतीला टेकवून उभ्या केल्या आहेत. माझ्या स्वयंपाकघराची अर्धी मालकीण असलेली सुमनबाई सकाळपासून डब्यांच्या तळाशी राहिलेले मसाले हुंगत फिरते आहे. हवेला ओल्या चादरीचा वास आहे, आणि हा वास आला की मला समुद्र आठवतो. आमच्यापासून समुद्र कोणत्याही दिशेला एका रात्रीच्या रेल्वेइतका लांब आहे. तरी आठवतो.

दुपारी कोरपन्याहून माझ्या मैत्रिणीचा फोन आला. शाळेत शिकवते. तिला वाटतं, समुद्राच्या बाबतीत मी जाणकार आहे.

"ऐक ना, दिवाळीत अंदमानला जायचं ठरवून राह्यलो. चांगला बीच कोणता ते सांग."

"कोण कोण चाललात?"

"आम्ही दोघं, सासूबाई अन् नणंद."

"सासूबाईंचं अन् नणंदेचं जमते?"

"नाई ना."

"मग बीच राहू दे. आधी खोल्यांचं सांग."

ती हसली. मी विनोद करत नव्हते. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, पण त्याआधी एक अख्खा पावसाळा तो निवडत बसले होते. त्यामुळे या विषयात मला जे कळतं ते पक्कं कळतं. किनारा सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी माणसं पाहायची, मग छप्पर, मग दिशा, आणि मग पाणी.

काही वर्षांपूर्वीचा तो पावसाळा. आमची केतकी अमेरिकेत मातीवर संशोधन करते. गेल्यापासून ती घरी आली नव्हती. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. इकडे आली तर नवा मिळेपर्यंत अडकून पडायची भीती होती. जवळच्या बेटांवर थोड्या दिवसांसाठी जाऊन मात्र तिला परत येता येत होतं. म्हणून तिनंच तोडगा काढला. तुम्ही तिकडून या, मी इकडून येते, टोबॅगोला भेटू. टोबॅगो म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं, त्रिनिदादच्या शेजारचं एक चिमुकलं बेट. तेच का, तर मार्कस तिथला.

मार्कस म्हणजे केतकीच्या बरोबर शिकणारा आणि तिच्याबरोबर राहणारा मुलगा. काळा. सावळा वगैरे नाही, आफ्रिकेतून कधीकाळी धरून नेलेल्या माणसांच्या वंशातला, काळा. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांनी सगळ्यात आधी तेच विचारलं. तो शिकतो काय, स्वभावाला कसा आहे, हे नंतर. बऱ्याच जणांनी ते विचारलंच नाही.

केतकीनं हे घरी सांगितलं त्या दिवसापासून तिचे वडील तिच्याशी बोलायचे थांबले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दिवाकररावांना आरडाओरडा येतच नाही. आयुष्यभर जंगलात गाडी चालवलेला माणूस आवाज चढवत नाही. तिचा फोन आला की ते उठून जिप्सीचं बॉनेट उघडायचे. मी म्हणायचे, "अवो, केतकी विचारून राह्यली तुमची तब्येत." बॉनेटच्या आतून उत्तर यायचं, "बरी हाय म्हणा." दोन वर्षं आमच्या जिप्सीच्या इंजिनाची जेवढी देखभाल झाली तेवढी आजवर कधी झाली नव्हती.

तेव्हा मला त्या पावसाळ्यात खरं काम एकच होतं. बाप आणि लेक पुन्हा एकमेकांशी बोलतील अशी जागा शोधायची. ती जागा पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या टोकाला आहे हा तपशील.

दिवाकरराव म्हणाले, "मी येत नाई."

"ठीक आहे. मी एकटी जाते. तुम्ही सुमनबाईच्या हातचं खा."

सुमनबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी नाई बा. भाऊ माह्या भाजीले नावं ठेवते. मी माहेरी जातो तवापर्यंत, कुरखेड्याले."

 संध्याकाळी वास्ते सोलत असताना, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, जे आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी शिजतात, दिवाकरराव सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तिथी गाडी रस्त्याच्या कोण्या बाजूनं चालवतात?"

"आपल्यासारखीच. डावीकडून."

"हं."

मी दुसऱ्या दिवशी दोघांच्या पासपोर्टच्या कामाला लागले.

आता निवडीबद्दल. पहिला प्रश्न ऋतूचा. आम्हाला मोकळीक फक्त गेट बंद असताना, आणि नेमका तोच काळ तिकडच्या वादळांचा. केतकी म्हणाली, टोबॅगो खाली दक्षिणेला आहे, वादळं बहुतेक वरून निघून जातात. या 'बहुतेक'ची मला चांगली ओळख आहे. आम्हीही पाहुण्यांना सांगतो की बिबट्या बहुतेक अंगणात येत नाही. मी मार्कसला विचारलं. तोवर त्याच्याशी माझं बोलणं सुरू झालं होतं, माझं इंग्रजी पाहुण्यांमुळे बरं आहे. तो म्हणाला, पावसाळ्यातच सप्टेंबरच्या मध्याला काही दिवस पाऊस थांबतो, आकाश स्वच्छ होतं. मला एकदम ओळखीचं वाटलं. आमच्याकडे भादव्यात अशीच उघडीप मिळते, धान निसवायला लागतं, लोंब्या बाहेर पडतात तेव्हा. मी सप्टेंबर ठरवला, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच घर घ्यायचं हेही ठरवलं. 'बहुतेक'वर विश्वास ठेवावा, पण आगाऊ रक्कम त्याच्या हातात देऊ नये.

मग फोटो. जेवणघरातल्या लांब टेबलावर लॅपटॉप उघडून मी रोज दुपारी बसायचे. बाहेर पाऊस, पत्र्यावर त्याचा एकसुरी आवाज, मध्येच वीज जायची. पडद्यावर मात्र निळं पाणी आणि पांढरी वाळू. सुमनबाई मागून डोकावायची.

"ताई, हे पाणी खरंच एवढं निळं राह्यते का नीळ टाकली?"

"थोडी टाकली असेल. फोटो आहे."

फोटोंवर माझा भरवसा नाही, कारण मी स्वतः फोटो टाकते. आमच्या होमस्टेच्या फोटोत छपरावर मोर बसलेला आहे. तो मोर तिथे एकदाच बसला होता. पुन्हा कधी आला नाही. तरी दर हंगामात कोणीतरी पाहुणा वर पाहत विचारतो, मोर किती वाजता येतो? आणि 'जंगलाला लागून' असं लिहिणारी किती ठिकाणं मला माहीत आहेत, ज्यांच्या आणि जंगलाच्या मधून डांबरी रस्ता जातो. म्हणून 'समुद्राला लागून' असं कोणी लिहिलं की मी त्या घरमालकाला निरोप पाठवायचे. मध्ये रस्ता आहे का? सकाळचं ऊन कोणत्या खिडकीत येतं? गावाचं सांडपाणी कुठे जातं? कुत्री किती आहेत? खाली उतरायला पायऱ्या आहेत की उतार, आणि त्या पावसात निसरड्या होतात का? एका बाईनं उलट विचारलं, मॅडम, तुम्ही घर भाड्यानं घेताय की विकत? मी तिला लिहिलं, घर भाड्यानं, पण नवऱ्याचा दुखरा गुडघा मी कायमचा विकत घेतलेला आहे. तिनं हसून सगळी उत्तरं दिली. पायऱ्या खूप होत्या. ते घर गेलं.

पाहुण्यांचे अभिप्राय वाचायचे तर फार गोड आणि फार कडू सोडून मधले वाचावेत. गोड लिहिणारा नुकताच जेवलेला असतो आणि कडू लिहिणाऱ्याला वाघ दिसलेला नसतो. मधला माणूस उशीची जाडी सांगतो.

केतकीनं मात्र तिकडून परस्पर एक हॉटेल शोधलं. मोठं, पोहण्याच्या तलावाचं, बेटाच्या गर्दीच्या टोकाला. आम्हाला खालच्या मजल्यावर खोली, तिला आणि मार्कसला वरच्या.

"म्हणजे बाबांना तो फार दिसणार नाही," ती म्हणाली.

"न दिसायला एवढ्या लांब कशाला यायचं? न दिसायची सोय इथेही आहे."

"आई, ते जेवताना उठून गेले तर?"

"कुठे जातील? चारी बाजूंनी पाणी आहे."

ती हसली नाही. मला तिची भीती कळत होती. पण खोल्या कशा काम करतात हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. आमच्याकडे एकदा दोन भाऊ आले होते, वाटणीवरून अबोला धरलेले. बायकांच्या आग्रहानं आले आणि दोन टोकांच्या दोन खोल्या मागून घेतल्या. नेमका गिझर बिघडला. मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापायचं आणि दोघांनाही पहाटे सफारीआधी बादल्या घेऊन तिथे उभं राहावं लागायचं. थंडीत, धुरात, कानटोप्या घालून. पहिल्या दिवशी पाठ करून उभे. दुसऱ्या दिवशी एकानं दुसऱ्याच्या बादलीखाली आलेलं लाकूड पायानं सरकवलं. निघाले ते एकाच गाडीतून. गिझर मी मुद्दाम नीट केला नाही असं सुमनबाई अजून म्हणते. खोटं आहे. मेकॅनिक चंद्रपूरहून यायचा होता, तो आला नाही.

म्हणून माझी अट पक्की होती. एक घर, एक स्वयंपाकघर, एक व्हरांडा. न्हाणीघरं मात्र दोन. सलोख्यालाही मर्यादा असते.

असं एक घर फुकट मिळत होतं. मार्कसची आई, जॉयस, बेटाच्या उत्तरेला कॅस्टारा नावाच्या मच्छीमारांच्या गावात राहते. खाडीच्या वर टेकाडावर तिचं घर. नर्स होती, आता निवृत्त. तिनं स्वतः फोन करून सांगितलं, माझ्याकडे उतरा, खोल्या रिकाम्याच आहेत. मी दिवाकररावांना सांगितलं. ते टायर तपासत होते.

"तिथी नाई उतरायचं."

"काऊन?"

"नाई म्हटलं ना. बाकी कुठी बी उतरू."

मी वाद घातला नाही. राग आहे, म्हटलं, राहू दे. हॉटेल नको, जॉयसचं घर नको, तर तिसरं शोधू.

आणि मग मी चुकले. चूक आमच्या धंद्यातल्या माणसाचीच होती, दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. टोबॅगोच्या नकाशावर किनाऱ्यांना काही तोटा नाही. पिजन पॉइंट म्हणून प्रसिद्ध किनारा आहे, पाण्यात गेलेला लाकडी धक्का आणि त्यावर गवती छप्पर, प्रत्येक फोटोत तोच. तिथे तिकीट काढून आत जातात. मी लगेच खोडला, कारण तिकीट आणि गेट हे आमच्या दारातच आहे. कॅस्टाराच्या वाळूवर होड्या, जाळी, माणसं, पोरं. तोही खोडला. आमच्याकडे एका पाणवठ्यावर वीस गाड्या उभ्या दिसल्या की जाणता ड्रायव्हर तिकडे वळत नाही. तो आडवाटेचं पाणी धरतो, इंजिन बंद करून बसतो, आणि वाघ बऱ्याचदा तिथेच येतो. गर्दी म्हणजे वाईट जागा, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. मी बेटाच्या दुसऱ्या, अटलांटिक अंगाचं घर निवडलं. लांबच लांब किनारा, एकही छत्री नाही, एकही माणूस नाही. व्हरांडा रुंद. न्हाणीघरं दोन. मालक सभ्य, सगळ्या प्रश्नांची उत्तरं वेळेवर. मी इतकी खूश होते की किनाऱ्यावर कोणीच का नाही, हा एक प्रश्न विचारायचा राहिला.

आत्ता हे लिहिताना सुमनबाई हळदीचा डबा घेऊन आली आहे. "ताई, हे कधीची हाय?" वास घेऊन मी ती टाकायला सांगितली. तिनं टाकली नाही, कागदात बांधून कनवटीला लावली. पाऊस थांबला आहे. समोरच्या धानाच्या बांधीत रोवणीच्या बायका कमरेत वाकून एका ओळीत मागे मागे सरकताहेत आणि त्यांच्यातली एक कोणाच्या तरी जावयाची नक्कल करते आहे, कारण बाकीच्या हसून चिखलात बसायच्या बेताला आल्या आहेत. हिरवा रंग नुसता ओतल्यासारखा. लोक आम्हाला विचारतात, पावसाळ्यात तुम्ही करता काय तिथे? मी म्हणते, श्वास घेतो. बाकीचे नऊ महिने दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळण्यात जातात.

आमची स्वतःची सुट्टी सुरू झाली ती टोबॅगोच्या छोट्या विमानतळावर. दोन विमानं बदलून अंग आंबलेलं. केतकी कठड्यापलीकडे उभी होती, बारीक झालेली, केस कापलेले. तिच्या मागे दोन पावलं मार्कस, उंच, हात कुठे ठेवावेत हे न कळलेला. दिवाकररावांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावरची पिशवी पाहिली.

"सामान एवढंच?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

त्यांनी पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागले. दोन वर्षांनंतरचं संभाषण एवढं. मी ते जमेला धरलं.

घराच्या वळणावरच वास आला. सडक्या अंड्यांचा. केतकीनं खिडकी वर केली. मी म्हटलं, नाली असेल. नाली नव्हती. माझा लांबच लांब निर्मनुष्य किनारा गुडघाभर उंच तपकिरी शेवाळानं झाकलेला होता, समुद्रानं लोटून आणलेलं, उन्हात कुजणारं. पलीकडे लाटा अशा आपटत होत्या की व्हरांड्यात मोठ्यानं बोलावं लागे. काठावर लाल झेंडा फडफडत होता. पोहायला मनाई.

मी मार्कसकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो, मॅम. या अंगाला वारा येतो. शेवाळही याच अंगाला."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, "तो म्हणाला, तुझ्या आईनं एवढं शोधून ठरवलंय, मी नाही सांगणार. तू सांग. मी म्हटलं, मी पण नाही सांगणार."

तेव्हा दिवाकरराव हसले. त्या झेंड्याकडे, शेवाळाकडे आणि माझ्याकडे पाहून, पोट धरून हसले. आणि पहिल्यांदा त्या मुलाशी बोलले, त्यांच्याजवळ असलेल्या दोन-तीन इंग्रजी शब्दांत.

"शी बॉस," माझ्याकडे बोट दाखवून.

"येस सर," मार्कस गंभीरपणे म्हणाला. "आय नो."

माझ्या फजितीवर दोन पुरुषांचं एकमत झालं. मला चाललं. चुकीच्या घराचा आणखी एक फायदा मला त्या संध्याकाळीच दिसला. पोहायचं तर रोज डोंगर ओलांडून दुसऱ्या अंगाला जावं लागणार होतं. गाडी एकच. चालवायची कोणी, हा प्रश्नच नव्हता. शेजारी बसून रस्ता कोण दाखवणार, हाही नव्हता. मी आणि केतकी मागे.

टोबॅगोच्या मधोमध डोंगराचा कणा आहे आणि त्यावर जुनं राखीव जंगल. कित्येक पिढ्यांपूर्वी कायदा करून राखलेलं, असं मार्कसनं सांगितलं. केतकीनं भाषांतर केलं.

"वाघ?" दिवाकररावांनी विचारलं.

"नाही."

"बिबट? अस्वल?"

"नाही, बाबा. पक्षी आहेत."

"मग राखलं कोनापासून?"

"माणसांपासून," मार्कस म्हणाला. हे भाषांतर ऐकून त्यांनी मान हलवली, म्हणजे उत्तर पटलं. पुढच्या वळणावर रस्त्यावर दोन्हीकडून झुकलेली बांबूची बेटं आली, जाडजूड, करकरणारी. त्यांनी न सांगता गाडी कडेला घेतली, उतरले, एका बांबूवर नखानं टिचकी मारली, कान लावला. मार्कसही उतरला. त्यानंही टिचकी मारली. दोघं तिथे बराच वेळ उभे होते.

"हे लोक वास्ते खातात का विचार," त्यांनी मला ओरडून सांगितलं.

खात नाहीत, असं कळलं. "पागल हायेत," ते म्हणाले, पण आवाज मऊ होता.

तिकडचा, वाऱ्याच्या आडोशाचा समुद्र मात्र फोटोतल्यासारखाच निघाला. नीळ टाकलेला. इंग्लिशमन्स बे म्हणून एक खाडी आहे, जंगल थेट वाळूपर्यंत उतरलेलं. झाडांच्या गार सावलीतून एक पाऊल टाकलं की तापलेली वाळू, दुसऱ्या पावलाला पाणी. मी साडी नाही, पंजाबी ड्रेस नाही, सरळ पोहण्याचा पोशाख घातला होता. केतकीनंच आणला होता, मी नको म्हटलं नाही. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली आणि लाटेनं मला उचलून अलगद परत ठेवलं. गाभण म्हशीच्या पाठीसारखी ती लाट होती, जड आणि निवांत. मला आवडलं. समुद्र आवडला. पण लोक म्हणतात तसं काही मन वगैरे विरघळलं नाही. वाळू हा घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीनं अत्यंत वाईट पदार्थ आहे. ती कानात जाते, डब्यात जाते आणि परत मोहर्लीपर्यंत येते.

कॅस्टाराला एका सकाळी जाळं ओढणं चालू होतं. अर्धवर्तुळात टाकलेलं मोठं जाळं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर, आणि गावातला जो मोकळा असेल तो दोराला हात लावतो. मी जिथली गर्दी बघून नाव खोडलं होतं तोच हा किनारा. पाण्यातली गर्दी म्हणजे पाणी शांत आहे, खालची वाळू ओळखीची आहे आणि बुडायला लागलात तर ओरडलेलं ऐकायला कोणी आहे. जंगलाचा नियम इथे बरोबर उलटा होता. मी उभी राहून हा हिशेब डोक्यात नीट लावत होते, तेवढ्यात पाहते तर दिवाकरराव चपला काढून दोराला लागले होते. त्यांच्या पुढे मार्कस. दोघांचे खांदे एका तालात मागे येत होते. कोणीतरी लय देत होतं, ती त्यांना कळत नव्हती, तरी ते 'हां... हां' करत होते. जाळ्यात चांदीसारखी मासळी उसळली. वाटेकऱ्यांत त्यांनाही दोन मासे मिळाले. ते त्यांनी शेपटीला धरून केतकीपुढे केले.

"घे. साफ करता येते का अजून, का विसरली?"

"येतं," ती म्हणाली. आणि येत होतं.

तरी त्यांनी मार्कसचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. 'ते पोरगं' म्हणायचे. केतकी रोज माझ्याकडे पाहायची, मी खांदे उडवायचे. घर चुकीच्या अंगाला घेऊनही माझं बहुतेक काम झालं होतं. पण 'बहुतेक'.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. जॉयसनं जेवायला बोलावलं. नाही म्हणणं शक्य नव्हतं. ती सकाळपासून खेकड्याची रस्सेदार भाजी आणि पिठाचे जाडसर गोळे शिजवत होती. टेकाडावरचं निळ्या दारांचं घर, बाहेर गुलबक्षी, खाली सगळी खाडी पसरलेली. दिवाकरराव व्हरांड्यातल्या खुर्चीत ताठ बसले. नवा शर्ट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत. जॉयसनं ट्रेमध्ये पाण्याचे दोन ग्लास आणले, बर्फ घातलेले, आणि त्यांच्यापुढे वाकली.

त्यांनी हात जोडले. घेतलं नाही.

जॉयसला वाटलं, त्यांना कळलं नाही. तिनं पुन्हा पुढे केलं. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि मान हलवली. नाही. केतकीचा चेहरा उतरला. ती दारात उभी होती, हातात ताटं. मार्कस जागच्या जागी थांबला. त्या घरात उतरायला नाही म्हणाले तेव्हापासून मला ज्याची धास्ती होती ते आता सगळ्यांसमोर होत होतं.

"बाबा," केतकी म्हणाली, "पाणी तरी..."

"काऊन मागं लागून राह्यली?" ते म्हणाले. "पोरीच्या सासरचं पाणी बाप पेत नाई."

खाली खाडीत कोणीतरी होडीचं इंजिन सुरू करत होतं. ते दोनदा फुरफुरून बंद पडलं.

"काय म्हणालात?" केतकीनं विचारलं.

"बहिरी झाली का? तुह्या आजोबानं तुह्या आत्याच्या घरी कधी पाणी घेतलं होतं? नागभीडले जायचे त शेजारच्या घरी पेऊन यायचे. तुले लेकरू होईपर्यंत मी बी नाई पेणार. इथी उतरलो बी नाई त्याच्यासाठीच. हिले वाटलं, मी रागावलो."

हिले म्हणजे मला.

केतकीनं ताटं खाली ठेवली, नाहीतर फुटली असती. "काय झालं?" जॉयस विचारत होती. "पाणी खराब आहे का? मी उकळलंय." केतकीनं नाक पुसलं आणि सांगितलं. आमच्यात वडील मुलीच्या सासरी पाणीसुद्धा घेत नाहीत. तो मान असतो. 

जॉयसनं ट्रे छातीशी धरला. "सासर?" ती म्हणाली. "म्हणजे लग्न झालं? आणि मला बोलावलं नाही?"

"नाही मम्मी, अजून नाही..." मार्कस म्हणाला.

"मग कधी?" तिनं दरडावलं.

दिवाकररावांना यातलं काही कळलं नव्हतं आणि त्यांना घाई होती. ऊन चढलं होतं, डोंगर उतरून आलो होतो. "अगं केतके," ते म्हणाले, "या बाईले विचार, शेजारी कोन राह्यते? मले तहान लागली हाय."

केतकीनं विचारलं. शेजारी जॉयसच्या चर्चमधले एक म्हातारे मास्तर राहत होते. मार्कस पुढे झाला, गुलबक्षीच्या कुंपणातलं छोटं फाटक उघडून उभा राहिला.

"चल मार्कस," दिवाकरराव म्हणाले, आणि त्याच्या मागोमाग शेजाऱ्याकडे पाणी प्यायला निघाले.

जॉयस ट्रे धरून तशीच उभी होती. तहान मलाही लागली होती आणि नियम बापाचा होता. मी दोन्ही ग्लास प्यायले आणि तिला म्हटलं, खेकडा गरम आहे तोवर वाढ.